दोन्हीकडं लाव, बाई

मारोतीभाऊ, तुझ्या तेरवीला गाव जेवलं. ज्यांनी तुला मारलं तेही जेवले. मांडी घालून पंगतीत बसले, वांग्याच्या भाजीला तिखट कमी पडलं म्हणाले, बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली. वाढायला मी होते. हातात वरणाची बादली होती आणि खोटं कशाला बोलू, ते वरण उकळतं असतं तर कोणाच्या तरी टाळक्यावर ओतलं असतं. कोमट होतं. मग मी त्यांच्या पत्रावळी सोडून पुढं सरकले. मागून एकानं हाक मारली, "ओ सरपंचबाई, आमाले काऊन सोडून राह्यल्या? आमी मानसं नाई का?"

मी वळले आणि म्हटलं, "नाई." बादली तिथंच आपटली. वरण त्याच्या छातीपर्यंत उडालं. तुझा पोरगा हात जोडत धावत आला, "आत्या, आज नको." तो तरी काय करणार! हैदराबादला नोकरी, परत जायची घाई. बाबा झेंड्याच्या ओट्यावरून पाय घसरून पडले, हे त्याला येईल त्यानं सांगून झालं होतं आणि त्यानं ते गिळलंही होतं.

तू पडला नाहीस. मी पाहिलंय. आज सगळं बोलणार आहे. तू हयात असताना मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस, आज तरी गप ऐक.

आपलं गाव खालच्या लोकांना समजावताना माझी नेहमी दमछाक व्हायची. बल्लारपूरला कोणी भेटलं की विचारायचं, एका गावाला दोन सरपंच कसे? अरे बाबा, असतात. जिवतीच्या डोंगरावर अगदी शिवेला टेकलेलं गाव. महाराष्ट्र म्हणतो माझं, तेलंगणा म्हणतो माझं. दोन ग्रामपंचायती, दोन शाळा, दोन रेशनकार्डं, दोन्हीकडचं मतदान. चौकात समोरासमोर दोन ओटे आणि त्यावर दोन लोखंडी खांब. पंधरा ऑगस्टला आधी माझा झेंडा, मग तुझा, आणि पोरांना लाडू दोनदा. तू तिकडचा सरपंच, मी इकडची. रस्ता तुझ्या सरकारचा, नळ माझ्या सरकारचा, आणि रस्ता खोदून नळ टाकायची वेळ आली की आपली भांडणं साऱ्या गावाला ऐकू जायची.

मी पोंभुर्ण्याकडची पोर, लग्न होऊन इथं आले. सरपंचपद बाईला राखीव झालं म्हणून माझं नाव पुढं केलं, आणि निवडून आल्यावर पहिल्या सभेत सगळ्यांनी माझ्या मालकांना खुर्ची दिली. मी दाराशी उभी. तू तर तिकडचा, तुझा त्या सभेशी काही संबंध नाही. चौकातून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत चालला होतास. आत डोकावलास आणि म्हणालास, "सरपंच कोन हाय? मंग तो काऊन बसला? उठ ना बे." माझे मालक उठले. त्या दिवशी मी बसले ती बसलेच. ह्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोलले नाही. राखी बांधायला लागले ते त्याचसाठी, पण तुला वाटायचं मला भाऊ नाही म्हणून. वाटू दे. तुला तेव्हापासून तुमी सोडून तू म्हणायला लागले, तर म्हणालास, "बरं झालं, आता भांडायले सोपं."

आणि भांडलो किती! एकाच गोष्टीवरून. मी म्हणायची, एक काय ते ठरवू या. हे राज्य नाहीतर ते. तू म्हणायचास, वेडी हायेस काय.

तुझ्या घरची गोष्ट तू प्रत्येक नवीन माणसाला सांगायचास. आजा निजामाचा, बाप मुंबई राज्याचा, तू आंध्राचा, पोरगा तेलंगणाचा, आणि घर अजून त्याच मोहाच्या झाडाखाली. लोक हसायचे. पुढचं मात्र तू फक्त मला सांगितलंस. आज्यानं जंगल तोडून वावर काढलं, तर निजामाच्या शिपायानं त्याला झाडाला बांधून फोडला. त्याची पाठ मरेपर्यंत सरळ झाली नाही. सरकार बदललं, बापाला वाटलं सुटलो. जंगलखात्याच्या लोकांनी त्याला सागाच्या एका फाट्यासाठी इतका मारला की त्याला कानानं ऐकू येईना. तुलाही तरुणपणी पोलिसांनी उचलून नेलं होतं, जंगलातल्या कोणाला जेवू घातलंस म्हणून, नखं काढली होती. उजव्या हाताची दोन बोटं तू कायम मुठीत लपवायचास.

"बाई, एक सरकार असलं का ते मारते," तू म्हणाला होतास. "दोन असले का एकमेकाचं तोंड पाहत बसते. आपली पाठ वाचते."

आणि तू गावाला ती युक्ती शिकवलीस. इकडचा शिपाई आला की आपण तिकडचे. तिकडचा आला की आपण इकडचे. ह्या खिशात एक कार्ड, त्या खिशात दुसरं. चंद्रपुरात दारूबंदी होती तेव्हा काय मजा चालायची! इकडचे पोलीस मोहाची भट्टी पकडायला आले की भट्टीवाला तेलुगूत रडायचा, आणि तिकडचे आले की मराठीत. तू आपल्या ओट्यावर बसून हसायचास, हसता हसता खर्रा घशात अडकायचा, आणि मला पाणी आणून द्यावं लागायचं. "कोनते पोलीस, साहेब? आमचे का तुमचे?" हे गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा म्हणायला लागलं.

मला राग यायचा. मी एकदा तुला म्हटलं, "शिपायापासून पाठ वाचली भाऊ, कबूल. पन उद्या आपल्यातलाच कोनी मारायले उठला तर कोनाले बलावशील?"

तू खर्ऱ्याची पन्नी गुंडाळलीस. "आपल्यातला आपल्याले काऊन मारीन?" म्हणालास, आणि उठून गेलास. तो वाद तिथंच राहिला.

मग माझ्या दिराचं पोरगं गेलं. गजाचं. सोनू. तुझ्या ओट्यावर चढून तुझ्या खिशातली सुपारी पळवायचा तोच. आखाडात ताप चढला, गजानं त्याला मोटरसायकलवर आपल्या पोटाशी गमछानं बांधलं आणि घाट उतरला. निम्म्या घाटात पोरगं थंड पडलं. गजा त्याला तसंच पोटाशी बांधून परत आला. गमछाची गाठ सुटेना, मी विळीनं कापली. त्या दिवसापासून गजा कोणाशी बोलेना. जेवायला बसला की ताट भिंतीवर मारायचा. बायकोला मारलं, बैलाला मारलं, एकदा स्वतःचं डोकं खांबावर आपटून घेतलं. मी त्याला लहानपणापासून पाहिलेला, माझ्या लग्नात तो माझ्या शालूचा पदर धरून फिरत होता. मला त्याची भीती वाटायची आणि रडूही यायचं. शेजारच्या गावात एका बाईच्या अंगात आलं आणि तिनं सांगितलं, पोराला भानामती केली. नाव घेतलं नाही. नाव घ्यायला गाव आहेच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोक दारात रोवलेल्या पळसाच्या फांद्या, मेढे, उपटून शिवेवर फेकायला निघाले. माझ्या माहेरीही असंच असतं, घरादारातली रोगराई घेऊन जाय गे मारबत, असं ओरडत जायचं आणि मागं न पाहता परत यायचं. आपल्या गावात दरवर्षी त्यावरून कटकट, कारण शीव कुठली ते कोणालाच ठाऊक नाही. एक सरकार नाल्याला शीव म्हणतं, दुसरं टेकडीवरच्या दगडाला. तू दरवर्षी पुढं होऊन म्हणायचास, "फेका बे नाल्यात, वाहून जाईन, मंग ज्याचं त्याचं." ह्या वर्षी तुला गुडघेदुखीनं उठवेना. तू गेला नाहीस. नाल्यावर भांडण झालं. कोणीतरी म्हणालं, "शीवच नाई आपल्याले, तं रोग जाईन कुठी? म्हून तं लेकरं मरून राह्यले." आणि गजा म्हणाला, "रोग बाहेर जातच नाई. तो घरात बसला हाय, सखूबाईच्या."

सखूबाई म्हणजे कोण, तर एकटी म्हातारी, लेक बल्लारपूरला दिलेली, दारात चार कोंबड्या. सोनूला उकडलेलं अंडं द्यायची. एवढाच तिचा गुन्हा. मेढे फेकलेच नाहीत, भाऊ. तेच पळसाचे फोक घेऊन लोक मागं फिरले.

मी पंचायतीच्या खोलीत होते. आरडाओरडा ऐकून दाराशी आले तर म्हातारीला केसाला धरून फरफटत आणत होते. मी धावले. गजानंच मला अडवलं. माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. "वहिनी, तू आत जाय." मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं मला उचलून आत टाकलं आणि बाहेरून कडी लावली.

खिडकीतून सगळं दिसत होतं. तुझ्या खांबाची दोरी सोडवली, झेंड्याची, आणि सखूबाईला त्याच खांबाला बांधली. आधी फोक. मग चपला. मग बाया आल्या आणि तिचं लुगडं ओढलं. माझी सासूसुद्धा होती त्यात. म्हातारीच्या तोंडातून रक्त आणि दोन दात पडले. कोणी मोबाइलवर काढत होतं. मी खिडकीच्या सळ्यांना लटकून ओरडत होते, खुर्ची दारावर आपटत होते, खुर्चीचा पाय मोडला. मी इकडच्या पोलिसांना फोन लावला. "बाई, ते गाव तिकडच्या हद्दीत येते." तिकडं लावला. मला जितकी तेलुगू येते तितकी सगळी बोलले, अन्ना म्हटलं, पाया पडते म्हटलं. तो म्हणाला महाराष्ट्राला फोन करा. भाऊ, त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुलाही मारलं असतं.

आणि तू आलास. लंगडत, हातात विळा. गर्दी फुटली, कारण तू होतास. तू कोणाशी बोलला नाहीस, थेट दोरी कापायला लागलास. दोरी नायलॉनची, नवी, तूच आणलेली, लवकर कापेना. "सोडा तिले," म्हणालास, "नाई तं पोलिसायले बलावतो."

आणि ते हसले. सगळा चौक हसला. "कोनते पोलीस, सरपंच? आमचे का तुमचे?"

मी तुझं तोंड पाहिलं तेव्हा. तू हसणाऱ्यांकडं वळून बघितलंस, एकेकाकडं, जणू मोजून घेत होतास. मग परत दोरीला लागलास. दोरी तुटली, सखूबाई खाली कोसळली, तू तिच्या अंगावर आडवा झालास. तुझ्या पाठीवर लाथा बसल्या, काठ्या बसल्या. तू उठलास, एकाला गचांडी धरून भिरकावलंस, दुसऱ्याच्या हाताचा चावा घेतलास. ह्या वयात! मी आतून ओरडत होते, "मार, भाऊ, मार!" मग गजानं बैलबंडीची उभारी उपसून आणली, चाकाजवळचा तो जाड दांडा, आणि मागून तुझ्या डोक्यात घातली. एकदा, आणि तू वळलास तेव्हा पुन्हा एकदा. तो आवाज मला अजून जेवताना ऐकू येतो.

गर्दी पांगली. रक्त बघितल्यावर पळाले सगळे. आणि तू, देवा, तू तशा फुटलेल्या डोक्यानं गुडघ्यांवर रांगत माझ्या दारापर्यंत आलास आणि कडी काढलीस. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. माझी साडी गच्च भिजली. तू म्हणालास, "बाई, फोन लाव."

"कुठं लावू, भाऊ? दोघंही येत नाहीत."

"दोनीकडं लाव," म्हणालास. नंतर तुझं बोलणं कळेनासं झालं, तेलुगू होतं की गोंडी की नुसतं कण्हणं. खाली नेताना गाडीतच गेलास.

मग तू शिकवलेली युक्ती गावानं तुझ्यावरच वापरली. इकडच्यांनी मयत बघितलं, म्हणाले हद्दीचं पत्र येऊ द्या. तिकडच्यांनीही तेच. गावानं दोघांनाही एकच सांगितलं, घसरून पडला. सखूबाईला तिची लेक घेऊन गेली, ती परत यायचं नाव काढत नाही. घरी सासू माझ्या पाया पडली. कधी नव्हे ती. "तुझ्यापुढं पदर पसरते, गजाचं नाव घेऊ नको. एक पोर गेलं त्याचं." मालक नुसते खाली मान घालून बसले. आणि गजा? तो रोज तुझ्या ओट्यावर जाऊन बसायचा. रक्ताचा डाग होता तिथं. नखानं खरवडायचा.

तेरवीपर्यंत मी गप्प होते. समोर येईल त्याला तोंडावर नाही म्हणून सांगायची ताकद गोळा करत होते म्हण. पंगतीत ती बादली आपटली आणि तशीच, वरणाचे शिंतोडे उडालेल्या साडीनं स्कूटी काढली. मालक आडवे आले नाहीत. माझं हेल्मेट आणून दिलं, बस्स.

आधी इकडं गेले. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला ठाऊक आहे, ते तिकडचं प्रकरण." आणि भाऊ, तेव्हा मला काय सुचलं ऐक. मी म्हटलं, "तिकडं लिहून झालं साहेब. सगळी नावं घेतली त्यांनी. गाडी पन निघाली. मले म्हने, महाराष्ट्राचे लोक झोपून राह्यले म्हून खून पचत होता." साहेब खुर्चीतून उठले. कागद आला, पेन आलं. मी सगळं सांगितलं. गजा, त्याचं पूर्ण नाव, त्याच्या बापाचं नाव, म्हणजे माझ्या सासऱ्याचं. सही केली. मग डोंगर उतरून तिकडं गेले आणि तिथल्या पोलीस अन्नाला सांगितलं, महाराष्ट्रवाल्यांनी केव्हाच लिहून घेतलं, फक्त तुमचंच राहिलं. त्यानंही लिहिलं. खोटं बोलताना माझा आवाज अगदी तुझ्यासारखा निघत होता, तोच साळसूद आवाज. स्कूटीवर एकटीच रडत हसत होते, समोरचं दिसेना म्हणून एकदा थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी चौकात दोन गाड्या एकाच वेळी शिरल्या. इकडून एक, तिकडून एक, तोंडाला तोंड. असं गावानं कधी पाहिलं नव्हतं. लोक दोन्ही खिसे चाचपायला लागले. आपण तिकडचे म्हणावं तर तिकडचे समोर उभे. त्यातला एकजण, तोच वरणवाला, पळाला आणि नाल्यात सापडला. साहेब लोकांची आपसात थोडी बाचाबाची झाली, कोणी कोणाला न्यायचं त्यावरून. ते तू बघायला हवं होतंस.

गजा पळाला नाही. तो तुझ्या ओट्यावरच बसला होता. हातात बेड्या पडल्या तरी तो माझ्याकडंच बघत होता. मला वाटलं शिवी देईल, थुंकेल. मी तयार होते. तो म्हणाला, "वहिनी, लेकरायले पाहजो."

बघते आहे, भाऊ. सासूनं माझं ताट वेगळं केलं आहे. जाऊ माझं तोंड बघत नाही, पण अंथरुणातून उठतही नाही, म्हणून तिच्या दोन्ही पोरींना वेणीफणी मीच करते, जेवू मीच घालते. गावात माझ्याशी कोणी बोलत नाही. कालपरवा पंचायतीच्या दारावर कोणीतरी दगड मारले. मी बाहेर येऊन दोन सणसणीत शिव्या दिल्या, एक मराठीत, एक तुझ्यावाली. आपला वाद कोणी जिंकला ते मला अजून कळत नाही. दोन सरकारं होती म्हणून तू मेलास, आणि दोन होती म्हणूनच मला ती एकमेकांवर घालता आली. तू असतास तर ह्यावर आपण आणखी वर्षभर भांडलो असतो.

आज सकाळी गजाची धाकटी माझ्यापुढं केस विंचरायला बसली होती. शाळेत तिला पोरं चिडवतात. इकडचीही आणि तिकडचीही. ती मान न वळवता म्हणाली, "मोठीमाय, बाबाले कोनत्या सरकारनं नेलं?"

तिची वेणी माझ्या हातात होती. मी म्हटलं, "मी नेलं, बाई."

ती उठली नाही. मी वेणी पुरी घातली.